मंडळीतला पोरगा निवडणुकीला उभा राहतोय, आणि पंच म्हणतात राजकारण आपलं काम नव्हे

सातरस्ता (धागा यांनी सुरू केला)

सर्वांना सलाम. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहायला बसले.

मी सोलापूरची. आमच्या घरात ही चौथी ख्रिस्ती पिढी. पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न एकट्या आमच्या मंडळीचा नाही आणि मला कुणाला उघडं पाडायचं नाही.

महापालिकेची निवडणूक लागली आहे. याआधीची २०१७ ला झाली होती आणि २०२२ पासून कारभार प्रशासकाकडे होता. माझा धाकटा भाऊ आमच्या प्रभागात खुल्या जागेवर अपक्ष उभं राहायचं म्हणतो. तो काही पुढारी नाही, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. पण गल्लीत कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या म्हातारीची पेन्शन थांबली की लोक त्याच्याकडे येतात.

हे त्याच्या मनात कुठून आलं ते सांगते. मागच्या पावसाळ्यात थोरल्या काकू वारल्या. माती द्यायला उशीर झाला, अंधार पडला. दफनभूमीत एक दिवा नाही, एका बाजूची भिंत पडलेली, आत गुडघाभर गवत. पाळकसाहेब एका हातात छत्री धरून उभे, आणि कुणीतरी मोबाईलचा उजेड शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, धरलेला. पेटी खाली सोडताना एकाचा पाय चिखलात सरकला, हातातला दोर सुटला आणि पेटी तिरकी झाली. भावाने खड्ड्यात उडी टाकून ती खालून अंगावर पेलली. काकूंच्या मुलीने जो हंबरडा फोडला तो अजून कानात आहे.

घरी आल्यावर पायाचा चिखलही न धुता तो ओट्यावर बसून राहिला. मग म्हणाला, "ताई, भिंतीसाठी आपण अर्ज किती दिले?" मी फाईल काढून मोजले. सहा वर्षांत सात अर्ज.

त्याने मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना निवडणुकीचं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "राजकारण म्हणजे चिखल. विश्वासणाऱ्याने त्यात उतरू नये. उतरायचंच असेल तर आधी तरुण संघाचं सेक्रेटरीपद सोड." त्याने मान खाली घालून राजीनामा लिहून दिला. तोवर मलाही काही वाटलं नाही, पद सोडणं योग्यच होतं.

पण त्याच्या पुढच्याच रविवारी एका मोठ्या पक्षाचे उमेदवार उपासनेला आले. मंडळीच्या सूचना वाचून झाल्यावर त्यांचा सत्कार झाला आणि पाळक उपदेश करतात त्या संदेशाच्या जागेवरून त्यांना बोलायला दिलं. उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद अजून व्हायचा होता! त्यांनी आवारात पेव्हिंग ब्लॉक बसवून द्यायचं वचन दिलं, टाळ्या पडल्या. माझा भाऊ शेवटच्या बाकावर बसला होता.

तेव्हापासून मला झोप नाही. राजकारण चिखल असेल तर तो त्या दिवशी वेदीजवळ कसा चालला? आणि चालत असेल तर आपल्याच पोराला का नको? शास्त्रातला नहेम्या परक्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे त्याला प्याला देणारा चाकर, होता. यरुशलेमेचा तट पडला हे ऐकून तो रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली, आणि मग थेट राजापुढे उभं राहून परवानगी मागितली, लाकडासाठी पत्रंसुद्धा मागितली. बावन्न दिवसांत तट उभा राहिला. प्रार्थना आणि राजदरबार त्याला वेगळे वाटले नाहीत. आपल्याला का वाटतात?

जाणत्यांनी बोलावं.

---

जुनापंच

ताई, सलाम. काकूंबद्दल वाचून वाईट वाटलं. मी तुमच्या मंडळीचा नाही, पण तीस वर्षं पंच म्हणून बसलो आहे, म्हणून पंचांची बाजू मांडतो.

महाराष्ट्रात आपण किती? २०११ च्या जनगणनेत अकरा लाखांच्याही आत, शेकडा एकसुद्धा भरत नाही. सोलापुरात तर मूठभर. मंडळी एका उमेदवारामागे उभी आहे असं दिसलं आणि तो पडला, तर निवडून आलेला माणूस पाच वर्षं आपल्याकडे पाठ करतो. ही भीती खोटी नाही, मी अनुभवलेली आहे. त्याशिवाय, मिशन परदेशी म्हणून आमच्या वाडवडिलांना "साहेबाची माणसं" हे ऐकावं लागलं. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, गाव पेटलं, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात आपले चौघे फासावर गेले. अशा दिवसांत ज्यांच्या शाळा, दवाखाने, पगार सगळं गोऱ्या मिशनऱ्यांकडून, त्यांनी गप्प राहणं शिकून घेतलं. ते गप्प राहणं मग शिकवणीसारखं पुढच्या पिढीत उतरलं.

आणि शास्त्रही आहेच. प्रभू रोमी सुभेदार पिलातासमोर म्हणाला, माझं राज्य या जगाचं नाही. लोकांनी त्याला बळेच राजा करायचं ठरवलं तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला.

उमेदवाराला बोलायला दिलं ते मात्र चुकलंच. त्याची बाजू मी घेणार नाही.

---

कोर्टाजवळ

नुसतं चुकलं म्हणून भागणार नाही काका, कायद्यातही बसत नाही. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा केंद्राचा कायदा आहे. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च, कुठल्याही धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरायला त्यात बंदी आहे, आणि जबाबदारी व्यवस्थापकांवर येते. म्हणजे उद्या कुणी तक्रार केली तर उमेदवार निघून जाईल, सापडतील ते पंच.

लोकसभा-विधानसभेसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ आहे. धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्टाचार. मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल अशी भीती घालणं, तेही त्यातच येतं. २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्मावर केलेलं आवाहनही यात धरायचं. पालिकेला वेगळा कायदा आणि राज्य निवडणूक आयोगाची आचारसंहिता लागते, पण प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरू नये हे तिथेही आहेच.

तुमच्या भावाला कायदा कुठेच अडवत नाही. त्याने पत्रकावर क्रूस छापू नये, "आपला ख्रिस्ती उमेदवार" असं लिहू नये, आणि चर्चच्या आवारात पत्रकं वाटू नयेत. एवढं पाळलं की तो इतर कुठल्याही नागरिकासारखाच.

---

प्रार्थनासभा

मी पेंटेकॉस्ट मंडळीतली. आमच्याकडे पास्टर सांगतात, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा, तीमथ्याच्या पत्रात तसं लिहिलंय. मीही करते, रोज. पण ताई, तुमची ती पेटी तिरकी झालेली वाचली आणि मला वाटलं, मी सात वर्षं प्रार्थना करत असते आणि देवाने भिंत बांधायला कुणाला उठवलं असतं, तर तो माणूस मी ओळखला असता का? उत्तर येत नाहीये.

---

नगरकर

जुनापंच काका म्हणतात ते गप्प राहणं सगळ्यांचं नव्हतं. मराठी ख्रिस्ती माणसाने राजकारणाकडे पाठ फिरवली ही समजूत आपणच करून घेतली आहे.

सोलापूरहून पुण्याला जाताना केडगाव लागतं. तिथल्या पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या. बायकांना मत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या नगरचे रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्यभर म्हणत राहिले की ख्रिस्ती होणं म्हणजे परका होणं नव्हे, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार नावाचा बंधुसमाज सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

आणि काका बाप्टिस्टा! लोकमान्यांचा उजवा हात. १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग निघाली तेव्हा अध्यक्ष म्हणून टिळकांनी या रोमन कॅथलिक बॅरिस्टरला बसवलं. पुढे १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. गिरणी कामगारांची आणि पोस्टमनांची बाजू घेणारा माणूस. महापौर म्हणजे काय, तर पाणी, गटार, दिवे. ताईंच्या भावाला जे करायचंय तेच.

आणखी एक. १९३५ च्या कायद्यात आपल्याला वेगळे मतदारसंघ होते. घटना लिहिताना त्यावर पाणी सोडायला आपलीच माणसं पुढे आली. घटना परिषदेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती, अल्पसंख्याक उपसमितीचं कामही त्यांच्याकडेच. येशूसंघाचे फादर जेरोम डिसूझाही सभासद होते. राखीव जागा नकोत, आम्ही सगळ्यांच्या बरोबरीने उभे राहू, असं त्यांनी देशाला सांगितलं. त्यानंतर आपण उभंच राहिलो नाही तर त्या शब्दाचं काय?

---

होटगीरोड

नगरकर दादा, तुमचं सगळं मान्य. पण "सगळ्यांच्या बरोबरीने" हे शब्द वाचून माझ्या घशाशी आवंढा आला, म्हणून लिहितो.

सोलापूर लोकसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. माझे आजोबा महारवाड्यातले. बाप्तिस्मा झाला म्हणून विहीर उघडली नाही, घर गावकुसाबाहेरच राहिलं. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलंय की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म पाळणारा अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. माझा चुलतभाऊ बौद्ध आहे. पणजोबा एक, वाडा एक, आडनाव एक. तो सोलापुरातून खासदारकीला उभा राहू शकतो. मी नाही.

तुम्ही म्हणता श्रद्धा आणि राजकारण यांचं नातं. माझ्यासाठी ते जातीच्या दाखल्याच्या एका रकान्यात आहे. कित्येक घरांत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर हिंदू, रविवारी मंडळीत. पोराचं नाव दोन, एक शाळेतलं, एक बाप्तिस्म्याचं. पाळकांनाही माहीत असतं आणि ते गप्प असतात, कारण पोराची शिष्यवृत्ती जाईल. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीतल्या एका बाईंच्या प्रकरणात म्हटलं की श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणं ही घटनेशी लबाडी आहे. कायद्याच्या जागी ते बरोबरही असेल. पण माणसाला हे दोन तुकडे करायला लावलं कुणी, हे विचारायचं कुठे? निवडणुकीतच ना? आणि तिथेच मंडळी म्हणते, जाऊ नकोस.

२०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला. त्याच्यापुढे मांडायला आपल्या मंडळीतून कुणी कागद तयार केला का? कापणीच्या सणाच्या लिलावात भोपळा कितीला गेला याची नोंद वहीत सापडेल, याची सापडणार नाही.

ताई, तुमचा भाऊ खुल्या जागेवर उभा राहतोय. राहू द्या त्याला.

---

जुनापंच

होटगीरोड, बाळा, तुझं वाचून दोन तास काही लिहिलं नाही. ते गप्प राहणारे पाळक आणि पंच, त्यांत मीही आहे. दाखल्याचा प्रश्न घेऊन माझ्याकडे लोक आले तेव्हा मी "प्रभूवर सोपवा" म्हणून परत पाठवले आहेत. भीती होती, पण ती मी शास्त्राच्या नावावर खपवली.

---

सेटलमेंटची_नात

मी दुसऱ्या टोकाचं सांगते. मंडळी सत्तेच्या फार जवळ गेली की काय होतं ते आमच्या आजीने पाहिलंय.

सोलापुरात सेटलमेंट सगळ्यांना माहीत आहे, नाव कुठून आलं ते पोरांना माहीत नसतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मतःच गुन्हेगार ठरवून माणसं तारेच्या कुंपणात ठेवली, हजेरी घेतली, गिरणीत कामाला पाठवली. सोलापूरच्या सेटलमेंटची व्यवस्था सरकारने काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे दिली होती. मिशनच्या लोकांनी शाळा काढली, औषधपाणी केलं, माया केली. तिथल्या मिशनच्या बाईंचं नाव निघालं की आजी शेवटपर्यंत हात जोडायची. पण तार होती. बाहेर जायला पास होता. आणि रविवारी प्रीतीवर बोलणाऱ्या माणसांच्याच हातात सोमवारी हजेरीचं पुस्तक होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला आणि पुढच्या संक्रांतीला आजी पास न घेता सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेली, तिला तो दिवस मरेपर्यंत आठवत होता.

म्हणून मला मंडळीने पक्षाच्या, सरकारच्या, कुणाच्याच मांडीवर बसायला नको आहे. पेव्हिंग ब्लॉकवर तर नकोच नको. विश्वासणाऱ्या माणसाने मात्र जावं. तार तोडायला कुणीतरी आत-बाहेर केलंच पाहिजे ना.

---

वसईवाला

सेटलमेंटची_नात, तुम्ही म्हणता तो फरक आमच्या कॅथलिक कायद्यात लिहूनच ठेवलाय. १९८३ च्या धर्मसंहितेच्या २८५ व्या कलमाप्रमाणे धर्मगुरूला सत्तेचं पद घेता येत नाही. प्रापंचिकाला मात्र मुभा आहे, नव्हे, जग सुधारणं हे त्याचंच पाचारण आहे असं दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणते.

पण पद नाही म्हणजे तोंड बंद, असंही नाही. आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईत टँकरवाले विहिरी उपसत होते, बिल्डर वाड्या गिळत होते, तेव्हा फादर हरित वसईच्या आंदोलनात पुढे उभे राहिले. धमक्या आल्या, मागे हटले नाहीत. त्यांच्याबरोबर चालणाऱ्यांत हिंदू शेतकरीही होते, कारण विहिरीला धर्म नसतो. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, तुमच्या शेजारच्याच गावी, ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू कशाला, म्हणून तेव्हाही विरोध झाला होता. २५ जुलै २०२४ ला गेले. कधी मत मागायला गेले नाहीत.

---

पूर्वभाग

मी ख्रिस्ती नाही, पद्मशाली आहे. बोललं तर चालेल ना? सातरस्ता ताईंच्या भावासारखा एक पोरगा आमच्याही गल्लीत हवाय म्हणून लिहितो.

माझी आई विड्या वळते. कुंभारीला रे नगर ही तीस हजार घरांची योजना, त्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. ती काही आभाळातून पडली नाहीत की ओ. कामगार पुढारी आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, दिल्लीपर्यंत कागद नेले, तेव्हा विडी कामगाराच्या डोक्यावर छप्पर आलं. मास्तर पक्के कम्युनिस्ट आणि माझी आई रथोत्सवाच्या दिवशी मार्कंडेयाच्या रथाला हात लावल्याशिवाय जेवत नाही. घराची किल्ली हातात आल्यावर तिने रडत दोघांचंही नाव घेतलं.

आणि धर्माच्या माणसाने राजकारणात यावं की नाही हे सोलापूरला नवीन नाही. २०१९ ला आपण एका मठाच्या स्वामीजींनाच खासदार केलं. कुणी मत दिलं, कुणी नाही दिलं, पण स्वामींनी उभंच राहू नये असं फारसं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मग एका मोटार रिवाइंडिंगवाल्याने दफनभूमीच्या भिंतीसाठी उभं राहिलं तर त्याला आपल्याच घरातून अडवायचं? आपल्या चार हुतात्म्यांचे पुतळे बघा. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. त्यात तुमच्यातला कुणी नाही म्हणून मागे राहू नका.

आणि ताई, भाऊ फक्त दफनभूमीचं बोलत असेल तर आमचं मत मिळणार नाही. पाण्याचं बोलायला सांगा.

---

कोर्टाजवळ

पूर्वभागशी शंभर टक्के सहमत. आणि शास्त्रातलाच दाखला हवा असेल तर पौल. चाबकाने मारायला बांधला तेव्हा त्याने विचारलं, रोमी माणसाला, दोषी ठरवल्याशिवाय, फटके मारणं कायद्याला धरून आहे का? पुढे सरळ कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली. नागरिकत्व होतं, ते त्याने वापरलं. वकिलीच्या पहिल्या वर्षी तो अध्याय मी दहादा वाचला असेल.

---

सातरस्ता

सगळ्यांचं तीनतीनदा वाचलं, भावालाही मोठ्याने वाचून दाखवलं. होटगीरोड दादांचं वाचताना आई आत निघून गेली. आमच्याही घरात एका भाच्याची नावं दोन आहेत.

काय झालं ते सांगते. परवा मी आणि भाऊ पंचांच्या बैठकीला गेलो. १९८८ चा कायदा छापून नेला होता. सुरुवातीला आवाज चढले. एकजण म्हणाले, बाई माणसाने बैठकीत येऊन कायदा शिकवायचा का? पण पाळकसाहेब, जे आजवर कधी बोलले नव्हते, त्यांनी सांगितलं, "त्या रात्री छत्री माझ्या हातात होती. दोर सुटला तेव्हा मी शास्त्र मिटलं होतं. मला तो पोरगा खड्ड्यात दिसतो अजून." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

ठरलं ते असं. यापुढे संदेशाच्या जागेवरून एकाही उमेदवाराला, माझ्या भावालाही, बोलू द्यायचं नाही. पेव्हिंग ब्लॉक नको असं लेखी कळवायचं. ते पत्र अजून गेलेलं नाही, सही करायला दोघे तयार नाहीत, भांडण चालू आहे. भावाचा राजीनामा तसाच राहील, तो म्हणतो राहू दे. मंडळी त्याला पाठिंबा देणार नाही आणि अडवणारही नाही. काल त्याने अर्ज भरला. सूचक म्हणून सही केली ती आमच्या समोरच्या अत्तार चाचांनी.

पूर्वभाग दादा, पाण्याचं तुम्ही बोललात आणि मला आईची वही आठवली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पाणी कोणत्या तारखेला आलं, किती वाजता, किती वेळ, सगळं तिने लिहून ठेवलंय. "रात्री २.४०, पाऊण तास, पिंप एक, घागरी अकरा." कधी चार दिवसांनी, कधी पाच, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मधेच कुठे वचन लिहिलंय, कुठे दुधाचा हिशोब. उजनी भरल्याची बातमी ज्या दिवशी आली त्या पानावर तिने बारीक अक्षरात लिहिलंय, "धरण शंभर टक्के. आपल्याकडे आज पाचवा दिवस." भाऊ ती वही घेऊन दारोदार फिरतोय. लोक आपापल्या तारखा सांगतात, तो मागच्या कोऱ्या पानांवर लिहून घेतो.

रविवारी संध्याकाळी पाचला गल्लीतल्या मोकळ्या जागेवर बसणार आहोत, चर्चच्या आवारात नाही. जवळ राहणाऱ्यांनी यावं. घरी कुणी अशी वही ठेवली असेल तर घेऊन या.